पांढऱ्या पडद्यावरचा क्षणभंग

छायाचित्र म्हणजे पकडलेला क्षण, ही समजूत विसाव्या शतकात इतकी रुजली की क्षण म्हणजे नेमके काय, हे विचारण्याची गरजच कोणाला भासेनाशी झाली. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या १९५२ सालच्या संग्रहाची इंग्रजी आवृत्ती ‘निर्णायक क्षण’ अशा अर्थाच्या नावाने निघाली आणि पुढे ते नावच या कलेची व्याख्या असल्यासारखे वापरले जाऊ लागले. भारतीय तत्त्वचिंतनात मात्र हा प्रश्न कितीतरी आधी आणि बराच कठोरपणे विचारला गेला होता. क्षणाला लांबी असते का? असेल तर त्याचे आणखी तुकडे पडतील, नसेल तर असे कितीही क्षण एकापुढे एक मांडले तरी त्यांतून काळ कसा भरणार? आणि जगातील प्रत्येक वस्तू क्षणमात्रच टिकत असेल, तर ‘तीच वस्तू पुन्हा पाहिली’ असे म्हणणाऱ्या माणसाने नेमके काय पाहिलेले असते? जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतो यांच्या काही चित्रमालिका याच प्रश्नांच्या वाटेने जातात, आणि त्यांचे उत्तर छायाचित्रणाच्या रूढ समजुतीला सोयीचे नाही.

ज्या मताच्या आधारे ही चर्चा करायची, ते क्षणभंगवाद या नावाने ओळखले जाते. उत्पन्न झालेली प्रत्येक वस्तू उत्पन्न होताच नष्ट होते, तिच्या जागी तिच्यासारखी दुसरी उत्पन्न होते, आणि अशा एकसारख्या वस्तूंच्या अखंड ओळीला, म्हणजे ‘संताना’ला, आपण भ्रमाने एक टिकाऊ वस्तू समजतो, असे हे मत थोडक्यात सांगता येईल; दिव्याची ज्योत हे त्याचे परंपरागत उदाहरण. सातव्या शतकातील बौद्ध तार्किक धर्मकीर्ती यांनी या मताला जी बळकटी दिली, तिचा पाया ‘अर्थक्रियाकारित्व’ या कल्पनेत आहे. जे काही कार्य घडवून आणते तेच सत्, अशी सत्तेची कसोटी त्यांनी ठरवली. आता नित्य वस्तू आपले कार्य एकदम करील किंवा क्रमाक्रमाने करील. एकदम केले तर दुसऱ्या क्षणी तिला करण्यासारखे काही उरत नाही आणि कसोटीनुसार ती असत् ठरते. क्रमाने केले तर आधी न करणारी आणि नंतर करणारी अशा तिच्या दोन अवस्था मानाव्या लागतात, म्हणजेच ती बदलली, म्हणजेच नित्य राहिली नाही. नित्य वस्तूला सत्तेच्या घरात शिरायला अशा रीतीने एकही दार उरत नाही. युक्तिवाद कोरडा आहे, पण त्याला उत्तर देण्यात न्यायदर्शनाच्या पंडितांची, म्हणजे नैयायिकांची, काही शतके खर्ची पडली.

क्षणाचे मापही बौद्ध ग्रंथकारांनी देऊन ठेवले आहे. वसुबंधूंच्या ‘अभिधर्मकोशा’त १२० क्षणांचा एक तत्क्षण, ६० तत्क्षणांचा एक लव, ३० लवांचा एक मुहूर्त आणि ३० मुहूर्तांचे एक अहोरात्र असे कोष्टक येते. त्याचा गुणाकार केला तर एका अहोरात्रात ६४,८०,००० क्षण भरतात, आणि आजच्या घड्याळाच्या हिशेबाने एक क्षण सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग ठरतो. काही जुन्या, घडी घालता येणाऱ्या कॅमेऱ्यांच्या शटरवर पंचाहत्तर हाच आकडा कोरलेला असे. हा निव्वळ योगायोग आहे, पण तो मोहात पाडणारा आहे. शटरची एक उघडझाप म्हणजे वसुबंधूंचा एक क्षण, असे म्हणून टाकावेसे वाटते. तसे म्हणता येत नाही. ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला क्रिकेटचा चेंडू सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागात सुमारे अर्धा मीटर पुढे जातो आणि त्या वेळी घेतलेल्या चित्रात त्याची लांबट रेघ उमटते. ती रेघ म्हणजे एक स्थिती नसून एकमेकींवर पडलेल्या अनेक स्थिती आहेत. शटरचा वेग शंभरपट वाढवला तर रेघ आखूड होते, इतकेच. एकापेक्षा अधिक स्थिती सामावणारे अंतर उरतेच. छायाचित्रात क्षण कधीच नसतो, नेहमी कालखंड असतो, आणि त्या कालखंडातील सगळे क्षण एकाच पृष्ठावर जमा झालेले असतात.

या कलेच्या जन्मकाळी ही गोष्ट उघड होती. लुई दागेर यांनी १८३८ मध्ये पॅरिसच्या ‘बुलव्हार द्यू ताँप्ल’ या रस्त्याचे जे चित्र घेतले, त्याला काही मिनिटांचा प्रकाश द्यावा लागला होता. वर्दळीचा तो रस्ता चित्रात निर्मनुष्य दिसतो. घोडागाड्या आणि पादचारी एका जागी न थांबल्याने त्यांचा ठसा उमटलाच नाही, आणि बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी एक पाय उचलून उभा राहिलेला एकच गृहस्थ तेवढा ओळखू येतो. अर्थक्रियेच्या कसोटीने पाहिले तर हे चित्र मोठे अडचणीचे आहे. गाड्यांनी रस्त्यावर चाकोऱ्या पाडल्या असतील, माणसांनी व्यवहार केले असतील, म्हणजे रस्त्याच्या संदर्भात त्या सत् होत्या. धातूच्या त्या पत्र्यावर मात्र त्यांनी दिसण्याजोगे कोणतेही कार्य केले नाही. पुढे रसायने सुधारली, शटर वेगवान झाले, आणि छायाचित्र क्षण टिपते ही समजूत या सुधारणेच्या पाठीवर बसून आली.

सुगिमोतो यांचे वैशिष्ट्य असे की त्यांनी ही सुधारणा जाणूनबुजून नाकारली. १९४८ साली टोकियोत जन्मलेले सुगिमोतो लॉस एंजेलिसमध्ये छायाचित्रणाचे शिक्षण घेऊन १९७४ मध्ये न्यू यॉर्कला आले, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात ‘थिएटर्स’ या मालिकेचे काम त्यांनी हाती घेतले. कृती सांगायला अगदी साधी आहे. जुन्या चित्रपटगृहात, पडद्याच्या बरोबर समोर, आठ बाय दहा इंचांची फिल्म घेणारा मोठा कॅमेरा तिकाटण्यावर उभा करायचा; चित्रपट सुरू होताच झडप उघडायची आणि चित्रपट संपला की बंद करायची. दोन तासांचा चित्रपट सेकंदाला २४ चौकटींच्या गतीने दाखवला तर १,७२,८०० चौकटींचा प्रकाश त्या एका फिल्मवर पडतो. वसुबंधूंच्या कोष्टकाने हेच दोन तास ५,४०,००० क्षणांचे होतात. धुऊन निघालेल्या कृष्णधवल चित्रात नायक, खलनायक, पाठलाग, चुंबने यांपैकी काहीही नसते. मध्यभागी एक लख्ख पांढरा चौकोन असतो, आणि त्याच्याच उजेडात सभागृहाच्या कमानी, छतावरचे नक्षीकाम, सज्जाचे कठडे आणि खुर्च्यांच्या रिकाम्या रांगा विलक्षण स्पष्टपणे दिसतात. प्रेक्षक असले तरी अंधारात होणाऱ्या चुळबुळीमुळे त्यांचा मागमूस राहत नाही. १९९३ च्या सुमारास काढलेल्या उघड्यावरच्या चित्रपटगृहांच्या चित्रांत पडद्यामागच्या आकाशात विमानांच्या आणि ताऱ्यांच्या सरकण्याच्या रेघाही आल्या आहेत.

चित्रपटाचे तंत्र क्षणभंगवादाचे प्रात्यक्षिक वाटावे इतके त्याच्या जवळचे आहे. पडद्यावर हलणारे काहीच नसते. स्थिर चौकटी एकीमागून एक येतात, प्रत्येक चौकट पुढे सरकताना प्रकाश तोडला जातो, आणि पाहणाऱ्याचे मन मधली फट बुजवून त्यातून धावणारा घोडा तयार करते. भारतीय ग्रंथांत याच भ्रमासाठी अलातचक्राचा दृष्टांत येतो: पेटते कोलीत गरगर फिरवले की अग्नीचे सलग वर्तुळ दिसते, पण वर्तुळ असे काही तिथे नसते. फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँ यांनी १९०७ मध्ये मानवी बुद्धीवर नेमका हा आक्षेप घेतला होता की ती सिनेमाच्या यंत्रासारखी चालते, वाहत्या काळाचे स्थिर तुकडे पाडते आणि मग ते जोडून गती समजल्याचा आव आणते. बर्गसाँ आणि धर्मकीर्ती यांना एकाच यंत्रात परस्परविरुद्ध दोष दिसले असते. एकाच्या मते सलग प्रवाह हे सत्य आणि तुकडे हा भ्रम. दुसऱ्याच्या मते तुकडे हे सत्य आणि प्रवाह हा भ्रम. सुगिमोतो यांची फिल्म मात्र यांपैकी कोणाचाच पक्ष घेत नाही, कारण तिच्यावर तुकडेही उरत नाहीत आणि प्रवाहही उरत नाही.

या पांढऱ्या चौकोनाला ‘शून्यता’ म्हणण्याची प्रथा समीक्षेत पडली आहे, आणि छायाचित्रकार जपानी असल्याने तिला झेनचा मुलामाही सहज चढतो. ही प्रथा दोन्ही बाजूंनी फसवी आहे. तंत्राच्या दृष्टीने तो चौकोन रिकामा नाही, ओसंडून भरलेला आहे. फिल्मवरच्या चांदीच्या क्षारांना पेलवेल त्याहून कितीतरी अधिक प्रकाश तिथे पडलेला आहे. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने पाहिले तर शून्यता म्हणजे अभाव, ही समजूत स्वतः बौद्ध आचार्य नागार्जुनांनीच ‘मूलमध्यमककारिके’त खोडून काढली आहे. कोणत्याही वस्तूला स्वतःच्या बळावर असणारा ‘स्वभाव’ नाही, ती इतर कारणांवर आणि परिस्थितीवर अवलंबून उभी असते, या परस्परावलंबनाला, म्हणजे प्रतीत्यसमुत्पादालाच, ते शून्यता म्हणतात. हा अर्थ धरला तर सुगिमोतो यांच्या चित्रात शून्यता पडद्यावर शोधण्यापेक्षा सज्जाच्या कठड्यावर शोधावी लागेल. कठड्यावरचे नक्षीकाम दिसते ते चित्रपटाच्या उजेडामुळे. चित्रपट कळतो तो त्याने उजळलेल्या कठड्यामुळे. आणि पडदा पांढरा ठरतो तो भोवतीच्या काळोखामुळे. कापून वेगळा काढला तर तो चौकोन म्हणजे केवळ कोऱ्या कागदाचा तुकडा.

‘सी ऑफ बुद्धा’ ही १९९५ ची मालिका प्रश्नाची दुसरी बाजू घेते. क्योतो येथील सांजूसांगेन्दो हे मंदिर माजी सम्राट गो-शिराकावा यांच्यासाठी ताइरा नो कियोमोरी यांनी ११६४ मध्ये बांधले, १२४९ च्या आगीत ते जळाले आणि १२६६ मध्ये पुन्हा उभे राहिले. सद्धर्माच्या ऱ्हासाचे युग १०५२ साली सुरू झाले, अशी त्या काळच्या जपानी बौद्धांची धारणा होती, आणि पुण्यसंचयासाठी एकाच मूर्तीच्या असंख्य प्रती घडवण्यामागे त्या ऱ्हासाची भीती होती. सुमारे १२० मीटर लांबीच्या त्या दालनात सहस्रभुज कान्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वराच्या, १००१ मूर्ती आहेत: मधोमध शिल्पकार तांकेइ यांनी घडवलेली मोठी आसनस्थ मूर्ती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना पाचपाचशे उभ्या मूर्ती, माणसाच्या उंचीच्या, सोन्याचा वर्ख चढवलेल्या. छातीशी जोडलेले दोन हात सोडून प्रत्येकीला चाळीस हात आहेत, आणि एकेक हात पंचवीस विश्वांना तारतो या हिशेबाने त्यांचे सहस्र होतात. मस्तकावर अकरा लहान मुखे आहेत. मराठी वाचकाला हे रूप अगदीच परके नाही. मुंबईजवळच्या कान्हेरीच्या एकेचाळिसाव्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर या मूर्तींच्या कित्येक शतके आधीपासून उभा आहे.

सुगिमोतो यांना या दालनात चित्रे घेण्याची परवानगी मिळायला सात वर्षे लागली. ती मिळाल्यावर त्यांनी नंतरच्या काळात आलेली सजावट चौकटीबाहेर ठेवली, विजेचे दिवे बंद करवले, आणि पूर्वाभिमुख दालनात पहाटेचे ऊन शिरते त्या वेळी ४८ चित्रे घेतली. ती ओळीने पाहताना प्रथम असे वाटते की एकच चित्र पुन्हा पुन्हा छापले आहे. मग एखाद्या मूर्तीचा किंचित झुकलेला खांदा दिसतो, कुठे मुकुटाचे टोक झिजलेले दिसते, कुठे गालावरचा वर्ख वेगळ्या तऱ्हेने चमकतो. १२४९ च्या आगीतून १२४ मूर्ती वाचल्या आणि उरलेल्या जवळजवळ सगळ्या तेराव्या शतकात नव्याने घडवल्या गेल्या, पण चित्रात जुनी कोणती आणि नवी कोणती हे सांगणे अवघड आहे. या मूर्तींच्या गर्दीत आपल्याला भेटावेसे वाटणाऱ्या माणसाचा चेहरा सापडतोच, अशी लोकश्रद्धाही आहे.

इथे न्यायदर्शनाचा एक जुना आणि दमदार आक्षेप आठवतो. ‘तोच हा देवदत्त’ या ओळखीला, म्हणजे प्रत्यभिज्ञेला, नैयायिक प्रमाण मानतात. काल पाहिलेला आणि आज पाहिलेला देवदत्त एक नसेल, तर ही ओळख निर्माणच होऊ नये. दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी ‘आत्मतत्त्वविवेका’त क्षणभंगवादाची जी कठोर झडती घेतली, तिच्यातही स्थैर्याची बाजू मांडताना प्रत्यभिज्ञेला मोठे स्थान आहे. बौद्धांचे उत्तर असे की कापल्यावर पुन्हा वाढलेल्या केसांनाही आपण ‘तेच केस’ म्हणतो. सादृश्यामुळे ऐक्याचा भास होतो, आणि भासाला प्रमाण मानता येत नाही. सांजूसांगेन्दोच्या चित्रांनी हा वाद जणू काळातून उचलून अवकाशात मांडला आहे. एका वस्तूचे एकामागून एक येणारे क्षण शेजारी शेजारी उभे करता आले असते, तर ते बहुधा असेच दिसले असते: जवळजवळ एक, पण एक नाहीत. बौद्ध पक्षाला याहून चांगले दृश्य उदाहरण मिळणे कठीण. तरीही ते उदाहरण सिद्धांताला पुरते साथ देत नाही, कारण एका मूर्तीमुळे शेजारची मूर्ती उत्पन्न होत नाही; संतानात असणारा कार्यकारणभाव इथे नाही. या मूर्तींना एकत्र बांधणारे जे आहे, ते शिल्पकारांच्या कार्यशाळेत आणि भक्तांच्या संकल्पात आहे, मूर्तींत नाही.

१९८० पासून चालू असलेली ‘सीस्केप्स’ ही मालिका त्यांची सर्वांत प्रसिद्ध मालिका आहे, पण या प्रश्नाच्या संदर्भात ती सर्वांत गोंधळातही टाकते. जगातील निरनिराळ्या समुद्रांच्या या चित्रांत क्षितिज चौकटीच्या बरोबर मध्यावर असते; वर हवा, खाली पाणी, जहाज नाही, किनारा नाही, माणूस नाही. आदिमानवाने जे पाहिले तेच दृश्य आजच्या माणसाला पाहता येईल का, या विचारातून ही मालिका सुरू झाल्याचे सुगिमोतो यांनी सांगितले आहे. हा प्रश्न बौद्धाचा वाटत नाही. तो ‘तोच हा समुद्र’ म्हणणाऱ्या नैयायिकाचा आहे. एक लाट दुसऱ्या लाटेसारखी नसते हे चित्रातच दिसत असताना, युगानुयुगे न बदललेल्या समुद्राची भाषा करणे म्हणजे संतानालाच द्रव्य समजणे होय. जपानी परंपरेतूनच याला उत्तर देता येते. सांजूसांगेन्दोच्या पुनर्बांधणीच्या पिढीतच होऊन गेलेल्या दोगेन या झेन आचार्यांनी लाकूड आणि राख यांच्या उदाहरणाने असे सुचवले की राख ही लाकडाची पुढची अवस्था मानणे चुकीचे आहे. लाकडाला स्वतःचे आधी आणि नंतर आहे, राखेलाही आहे, आणि दोन्ही आपापल्या जागी परिपूर्ण आहेत. या दृष्टीने आजचा समुद्र आदिम समुद्राचा अवशेष ठरत नाही आणि त्यात आदिमानवाची नजर शोधण्याचे कारणही उरत नाही. सुगिमोतो यांचे चित्र येथे त्यांच्या विधानापेक्षा अधिक बौद्ध आहे, असे म्हणावे लागते.

पुन्हा पडद्याकडे वळले तर एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो ज्ञानमीमांसेचा, म्हणजे ज्ञान कशाला म्हणावे याचा आहे. बौद्ध तार्किक दिङ्नागांच्या मते प्रत्यक्ष ज्ञान ‘कल्पनापोढ’ असते. नाव, जाती, गुण यांची जोड देणाऱ्या कल्पनेचा त्याला स्पर्श नसतो, आणि त्याचा विषय असतो ‘स्वलक्षण’, म्हणजे दुसऱ्या कशासारखी नसलेली, त्या त्या क्षणाची एकमेव वस्तू. फिल्मलाही नावे लावता येत नाहीत, त्यामुळे ती निखळ प्रत्यक्षाच्या जवळ जाते असे वाटू शकेल. पण तिने एकही स्वलक्षण वेगळे ठेवलेले नाही. दोन तासांतील प्रत्येक चौकट तिने स्वीकारली आणि प्रत्येक चौकट पुढच्या चौकटीखाली गाडली. कल्पना नाही म्हणून ती सामान्यज्ञान नव्हे, आणि विशेष उरला नाही म्हणून प्रत्यक्षही नव्हे. प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच प्रमाणे मानणाऱ्या दिङ्नागांच्या व्यवस्थेत अशा वस्तूसाठी कप्पा नाही, आणि ही उणीव चित्राच्या माथी मारण्याचे कारण दिसत नाही.

अलीकडच्या दशकात सुगिमोतो यांनी ओस पडलेली, छत कोसळलेली चित्रपटगृहे निवडली, तिथे स्वतः पडदा लावून चित्रपट दाखवला आणि त्याच रीतीने चित्रे घेतली. प्रेक्षागृहात कोणी नसताना स्थिर चौकटींतून गती निर्माण करणारा भ्रम कोणाला झाला, असे विचारले तर कॅमेऱ्यामागच्या माणसाखेरीज कोणाचेही नाव घेता येत नाही. चित्राखाली सहसा चित्रपटगृहाचे नाव, शहर आणि साल एवढेच असते. पांढरा चौकोन हा चित्रपट आहे, हे चित्र सांगत नाही, ते कोणीतरी सांगावे लागते. उदयनाचार्य येथे विजयाचा दावा करू शकतील: सुरुवातीला झडप उघडणारा आणि शेवटी ती बंद करणारा एकच असल्याशिवाय ‘हा दोन तासांचा चित्रपट होता’ हे ज्ञान कोणाला होणार? त्यावर अकराव्या शतकातील ‘क्षणभंगसिद्धी’चे कर्ते रत्नकीर्ती म्हणतील की झडप बंद करणारा हा उघडणाऱ्याच्या संतानातला शेवटचा दुवा आहे, आधीच्या क्षणांचे संस्कार त्याच्यापर्यंत पोहोचले आहेत, आणि स्मरणाला तेवढे पुरते. पांढऱ्या चौकोनाची साक्ष दोघांनाही काढता येत नाही, म्हणून वाद चित्रावरून सरकून त्या अंधाऱ्या सभागृहात दोन तास बसलेल्या छायाचित्रकाराविषयी सुरू राहतो.